शिक्क्यामागचा पहारा

स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर हातात घेऊन जरा उलटसुलट करून पाहा. त्याच्या अंगावर कुठेतरी एक छोटी खूण सापडेल. मधोमध ‘आयएसआय’ ही अक्षरे, वर ‘आयएस २३४७’ असा एक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे एक लांबलचक आकडा. आपली नजर मधल्या तीन अक्षरांवर जाते आणि तिथेच थांबते. ‘आयएसआयचा आहे ना, मग झालं!’ असे म्हणून आपण पैसे देतो.

खरी गोष्ट मात्र त्या दोन क्रमांकांत आहे. वरचा क्रमांक वचन काय दिले ते सांगतो आणि खालचा ते कोणी दिले ते. हे वचन पाळले जाते की नाही, हे सरकार कसे बघते, याची माहिती आज घेऊ.

‘आयएसआय’ म्हणजे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन. स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये ही संस्था अस्तित्वात आली. १९५२ च्या कायद्याने तिला मालावर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल १९८७ रोजी तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली. म्हणजे ज्या संस्थेचे नाव आपण अजून घेतो, ती केव्हाच इतिहासजमा झाली. पण तिची खूण घराघरांत इतकी ओळखीची झाली होती, की ती तशीच ठेवावी लागली. ब्युरोचे मुख्यालय दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर आहे. आयुष्यभर शब्द तोलणाऱ्या एका शायर बादशाहाच्या नावाच्या रस्त्यावर वस्तू तोलणारी कचेरी असावी, हा योगायोग माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला आवडला तर नवल नाही.

आता ‘मानक’ म्हणजे काय? ते एक लिखित दस्तऐवज असते. अमुक वस्तू कशाची असावी, किती जाड असावी, कोणती चाचणी तिने सोसली पाहिजे, हे त्यात लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्या समितीत कारखानदार असतात, प्रयोगशाळांतले तज्ज्ञ असतात, सरकारी खाती असतात आणि ग्राहक संघटनाही असतात. मसुदा तयार झाला की तो हरकती-सूचनांसाठी खुला केला जातो. आपल्या देशाचे पहिले मानक, ‘आयएस १’, कशाचे आहे ठाऊक आहे? राष्ट्रध्वजाचे. १९५१ मध्ये झेंड्याचे कापड, रंग आणि लांबी-रुंदीचे प्रमाण ठरवून या कामाची पाटी मांडली गेली. आज अशा मानकांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे.

मानकांची भाषा रुक्ष असते आणि ती तशीच असायला हवी. ‘मजबूत’, ‘टिकाऊ’, ‘सर्वोत्तम’ ही विशेषणे जाहिरातीत शोभतात. मानकात लिहावे लागते ते किती मिलिमीटर, किती दाब, किती अंश आणि किती वेळ. विशेषणाला कोर्टात उभे करता येत नाही, आकड्याला करता येते.

पण एवढी हजारो मानके असली, तरी ती सगळी सक्तीची नाहीत. मूळ तत्त्व ऐच्छिकतेचे आहे. कारखानदाराला वाटले तर त्याने ब्युरोकडे जावे, परवाना घ्यावा आणि शिक्का वापरावा. सक्ती करायची तर केंद्र सरकारला तसा स्वतंत्र आदेश काढावा लागतो आणि त्याला कारण लागते: माणसांचा जीव, आरोग्य, पर्यावरण, फसवणुकीला आळा किंवा देशाची सुरक्षितता. घरगुती कुकरचा असा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटचा आदेश १ जून २०२१ पासून, तर लहान मुलांच्या खेळण्यांचा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला.

कुकरवर सक्ती का हवी, हे समजायला त्याच्या पोटात काय चालते ते पाहावे लागेल. झाकण लावले की वाफ कोंडते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास दुप्पट होतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून तासाभराची डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते. दाब ठरल्यापेक्षा वाढला की शिटीचे वजन उचलले जाते आणि वाफ निघून जाते. हा पहिला पहारेकरी. डाळीचा फेस किंवा एखादे साल अडकून ती वाट तुंबली, तर दुसरा पहारेकरी कामाला येतो. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. आतले तापमान वाढले की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते.

आता समजा, त्या व्हॉल्व्हमध्ये भलताच धातू भरला आहे आणि तो वेळेवर वितळत नाही. मग वाफ आपली वाट स्वतः शोधते आणि ओट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते. भाजी आपण हाताने दाबून घेतो, आंबा हुंगून घेतो, मडके वाजवून घेतो. पण धातूचा वितळबिंदू दुकानात उभे राहून कोण तपासणार? जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही आणि चुकले तर जिवावर बेतते, तिथे सरकारने मध्ये पडावे, हे या सगळ्या व्यवस्थेमागचे साधे तर्कशास्त्र आहे.

सक्ती आली म्हणजे नेमके काय होते? कारखानदार ब्युरोकडे अर्ज करतो. ब्युरोचा अधिकारी कारखान्यात जातो. यंत्रसामग्री कोणती, कच्चा माल कुठला, तपासणीची उपकरणे आहेत का, ती चालवणारा जाणकार माणूस आहे का, हे पाहतो. मग नमुने निवडून सीलबंद करतो आणि ते प्रयोगशाळेत जातात. तिथे कुकरला नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन पाहतात. अशा भांड्यांची दाबचाचणी सहसा हवेने न करता पाणी भरून करतात. हवा दाबली की आकसते आणि भांडे फाटल्यावर जोराने फुटून बाहेर येते. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही, त्यामुळे भांडे तडकले तरी स्फोट होत नाही. नमुने उतरले की परवाना मिळतो. कुकरवरचा ‘सीएम/एल’चा आकडा म्हणजे या परवान्याचा क्रमांक.

इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. प्रत्येक कुकरवर शिक्का मारायला ब्युरोचा माणूस येत नाही. तो शिक्का कारखानदार स्वतःच मारतो. कोणती चाचणी किती नगांमागे घ्यायची, याची योजना ठरवून दिलेली असते. त्याप्रमाणे त्याने रोज चाचण्या घ्यायच्या, वहीत नोंदी ठेवायच्या आणि उतरलेल्या मालावरच खूण उमटवायची. म्हणजे परवाना हे बक्षीस नाही, तो करार आहे. आणि ज्या अर्थी शिक्का दुसऱ्याच्या हातात दिलेला आहे, त्या अर्थी त्या हातावर लक्ष ठेवणे आले.

हे लक्ष दोन ठिकाणी ठेवले जाते. एक, कारखान्यात. अधिकारी आगाऊ न कळवता जातात, नोंदवह्या पाहतात, आपल्यासमोर चाचण्या करवून घेतात आणि नमुने उचलतात. दुसरे, बाजारात. दुकानातून सर्वसामान्य गिऱ्हाइकासारखा माल घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवला जातो, कारण कारखान्यात दाखवलेला माल आणि दुकानात पोहोचलेला माल एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. नमुना नापास झाला तर शिक्का वापरणे थांबवायला लावतात. सुधारणा झाली नाही तर परवाना स्थगित किंवा रद्द होतो. २०१६ च्या कायद्याने, जो १२ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आला, आणखी एक अधिकार दिला: सदोष माल बाजारातून परत मागवायला लावण्याचा.

हे झाले परवाना घेतलेल्यांचे. जे परवान्याच्या वाटेलाच जात नाहीत, त्यांचे काय? तिथे छापा आणि जप्ती. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने जाहीर केले, की महिनाभरात दुकानांतून शिक्का नसलेली १८,६०० खेळणी जप्त केली; त्यांत विमानतळांवरची आणि मॉलमधली चकचकीत दुकानेही होती. दिल्लीतल्या एका कारवाईत अडीच हजारांहून अधिक हेल्मेट पकडली गेली. ती बनवणाऱ्या नऊ कारखान्यांचे परवाने एकतर संपलेले होते किंवा रद्द झालेले होते. म्हणजे एके काळी खरा असलेला आकडा पुढे खोटा होऊ शकतो.

बाजार आता मोबाइलमध्येही भरतो. त्यामुळे पहाऱ्यालाही तिथे जावे लागले. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये नेमलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये शिक्का नसलेल्या कुकरबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांना आदेश दिले. ॲमेझॉनच्या मंचावरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर विकले गेले होते. प्रत्येकी एक लाख रुपये दंड, खरेदीदारांना कळवणे, माल परत घेणे आणि पैसे परत करणे, असा तो आदेश. कंपन्या न्यायालयात गेल्या. ‘आम्ही फक्त मंच पुरवतो, विकणारा दुसराच,’ असा युक्तिवाद अशा वेळी होतो. पण आठवड्याच्या बाजारात जागा देणाऱ्यानेही तिथे काय विकले जाते हे पाहावे, ही अपेक्षा नवीन नाही.

ती किती जुनी आहे? उर्दू-फार्सी गझलेत ‘मुहतसिब’ नावाचे एक पात्र वारंवार भेटते. शायरांनी त्याची भरपूर टिंगल केली, कारण तो येऊन मैफल मोडतो, सुरई फोडतो. पण मुहतसिबाचे खरे मोठे काम बाजारात होते. वजने-मापे तपासणे, दुधात पाणी किंवा पिठात भेसळ नाही ना हे बघणे, कारागिराने माल नीट केला की नाही ते पाहणे. कुराणात तर मापात पाप करणाऱ्यांच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे. चौदाव्या शतकात बरनी या इतिहासकाराने अल्लाउद्दीन खिलजीच्या बाजारव्यवस्थेचे वर्णन केले आहे. जितके वजन कमी भरे, तितके मांस दुकानदाराच्या अंगावरून काढले जाई, असे तो लिहितो. ठरलेले माप, ते तपासणारा माणूस आणि चुकल्यास शिक्षा, ही तीन पायांची तिवई तेव्हाही होती आणि आजही आहे.

फरक आहे तो शिक्षेत आणि तिच्या वाटेत. आज अधिकारी स्वतः शिक्षा देत नाही. तो माल जप्त करतो, पंचनामा करतो आणि न्यायालयात खटला भरतो. १९८६ च्या कायद्यात जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा ५० हजार रुपये दंड होता. मोठ्या व्यापाऱ्याला ही रक्कम चिल्लरच. २०१६ च्या कायद्याने सक्तीच्या शिक्क्याविना माल बनवणाऱ्या-विकणाऱ्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या खेपेला किमान २ लाख आणि पुढच्या खेपेला किमान ५ लाख दंड ठेवला. तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. कैद आणि दंड दोन्हीही होऊ शकतात. अर्थात खटला चालायला वेळ लागतो आणि तोवर तसाच माल दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या नावाने विकायला येतो, हेही आपण पाहतो.

सोन्याचा विषय मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. ‘कसोटी’, ‘कसाला लागणे’, ‘बावनकशी’ हे शब्द आपल्याला सोनारानेच दिले. दगडावर सोने घासायचे, उमटलेल्या रेघेवरून कस ओळखायचा. पण ती रेघ वाचणारा डोळा विकणाऱ्याचाच असे. २००० मध्ये ब्युरोने दागिन्यांसाठी हॉलमार्क आणला, तोही ऐच्छिक. १६ जून २०२१ पासून तो देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असलेलेच हॉलमार्कचे दागिने विकता येतात. दागिना विकणारी पेढी वेगळी आणि तपासणारे केंद्र वेगळे, हा या व्यवस्थेचा गाभा. दोन ग्रॅमच्या आतले दागिने, कुंदन-पोलकीसारखे काम आणि छोटे सराफ यांना सूट आहे. हॉलमार्कचा दागिना कमी कसाचा निघाला, तर जितका कस कमी, त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा, असा नियम आहे. बावनकशी म्हणायला आता जीभ पुरत नाही. क्रमांक दाखवावा लागतो.

मात्र एक लक्षात ठेवले पाहिजे. शिक्का कधीच मानकापेक्षा मोठा नसतो. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाटलीबंद पाणी तपासले, तर त्यात कीटकनाशकांचे अंश सापडले. बाटल्यांवर शिक्का तर होता! मग चूक कुठे होती? ती मजकुरात होती. ‘कीटकनाशके आढळण्याच्या मर्यादेखाली असावीत’ अशा अर्थाचे वाक्य मानकात होते आणि ठरवून दिलेली तपासणीची पद्धत इतकी ढोबळ होती, की तिला ते अंश दिसतच नव्हते. त्यानंतर मानक बदलले: कोणतेही एक कीटकनाशक लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. एक सैल वाक्य अख्ख्या पहाऱ्याला कसे आंधळे करते, याचे हे उदाहरण. (बाटलीबंद पाण्यावरची या शिक्क्याची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली गेली; ते काम आता अन्नसुरक्षा प्राधिकरण पाहते.)

दुसरी बाजू कारागिराची. प्रयोगशाळा, शुल्क, कागदपत्रे हे ओझे मोठ्या कारखान्याला जाणवत नाही. लाकडाची बाहुली रंगवणाऱ्याला ते चिरडू शकते. खेळण्यांचा आदेश आला तेव्हा हा प्रश्न उभा राहिलाच. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या तपासणीत परदेशी खेळण्यांचे सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते, त्यामुळे सक्ती तर हवी होती. मग नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना सूट दिली गेली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारख्या परंपरांना अशा सवलतींचाच आधार असतो. शिवाय सक्तीचे आदेश कधीकधी जिवाच्या सुरक्षेपेक्षा आयात अडवण्यासाठी वापरले जातात, अशीही तक्रार आहे. कच्चा माल महागल्याने छोटे उद्योग अडचणीत आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने पॉलिएस्टर धागे व प्लास्टिकच्या कच्च्या मालावरचे अनेक आदेश मागे घेतले. कुठे शिक्का सक्तीचा असावा याची कसोटी एकच असावी असे मला वाटते: तो नसेल तर कोणाच्या जिवाला धोका आहे?

तो धोका ज्याच्या जिवाला आहे, त्याचाही या पहाऱ्यात वाटा आहे. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ हे ॲप मोबाइलवर मोफत मिळते. त्यात ‘सीएम/एल’चा आकडा टाकला की कारखानदाराचे नाव, पत्ता, परवाना कोणत्या वस्तूसाठी आहे आणि तो चालू आहे का, हे समोर येते. दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही तपासता येतो आणि तक्रारही तिथेच करता येते. मानक वाचायचे असेल, तर तेही ब्युरोच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. नुसती तीन अक्षरे छापायला कोणताही छापखाना पुरतो. खोट्या आकड्याला मात्र त्या यादीत जागा नसते. रस्त्याकडेला दोनशे रुपयांत मिळणारे हेल्मेट पोलिसांच्या पावतीपासून वाचवते; डोके वाचवायचे काम त्याने कधी अंगावर घेतलेलेच नसते.

आणि एक शेवटचे. सदोष शिक्क्याच्या मालाबद्दल ग्राहकाला भरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती मागायला तुम्ही तो माल तिथून घेतला, याचा पुरावा लागतो. दुकानदार गल्ल्यावरून मान वर न करता विचारतो, ‘बिल हवंय का?’ आपण पाच-दहा टक्क्यांच्या मोहाने मान हलवतो. पुढच्या वेळी ‘हवंय’ म्हणा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)